सगळ्यात कमी उजेडाची बॅटरी

“सगळ्यात कमी उजेडाची दाखव,” मी म्हणाले, तर फरहाननं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी हलवायाकडं बिनसाखरेची जिलेबी मागितली.

फरहानचं दुकान पैठण गेटजवळच्या गल्लीत. डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या तिथं वाट्टेल तेवढ्या प्रकारच्या मिळतात. रात्री गव्हाला पाणी द्यायला जाणारे शेतकरी, विहिरीत उतरणारे मोटारवाले, सगळे त्याच्याकडूनच नेतात. तिशीचा माणूस, बोलायला गोड, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नाही.

“मावशी, लोक ज्यादा उजेडाची मागतात.”

“लोकांना ती दे. मला कमीची दे.”

“ये देखो. दोन किलोमीटर फोकस मारते.”

“अरे बाबा, दोन किलोमीटरवर काय करायचंय? आमच्या ह्यांना माझं तोंड बघायचंय, अन् मी दोन हात अंतरावर उभी असते.”

नवऱ्याला बायकोचं तोंड बघायला बॅटरी कशाला लागते, हे विचारायची त्याची हिंमत होईना. मग मीच सांगितलं. तुम्हालाही सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं.

आमचे हे, म्हणजे नानासाहेब, अठ्ठावीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. पत्रा दाबायचं काम. दिवसभर धाड धाड धाड. रिटायर झाले तेव्हा हातात शाल-श्रीफळ आलं अन् कान गेले. एकदम नाही गेले. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, फोनची रिंग गेली, मग नातीचं बोलणं गेलं, शेवटी माझं गेलं. माझा आवाज काही बारीक नाही, अख्ख्या पुंडलिकनगरला ठाऊक आहे, तरी गेला. कानाची मशीन आणली, तर ती घातली की डोक्यात गिरणी चालू होते म्हणाले. ती आता कपाटात आहे.

घरात तशी अडचण नाही. समोर उभं राहायचं, तोंडावर उजेड पाहिजे, अन् सावकाश बोलायचं. ओठ बघून ह्यांना सगळं कळतं. मी पदर तोंडावर घेऊन काही बोलले तरच सुटते.

अडचण होती ती जंगलात. ह्यांचं लहानपण वेरूळच्या डोंगरात शेळ्यांमागं गेलेलं. माणसांची नावं ह्यांच्या लक्षात राहत नाहीत, माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला अजून ‘ते जालन्याचे’ म्हणतात, पण पक्षी नुसता बोलला की नाव तयार. नोकरीत असल्यापासून आमचा नेम आहे. शनिवारी वेरूळला धाकट्या दिराकडं, सांडूभावजींकडं मुक्कामाला जायचं, अन् रविवारी पहाटे पाचला त्यांच्या शेतामागनं डोंगराची वाट धरायची. तासभर तरी अंधारच असतो. पक्षी खरे त्या वेळी बोलतात, उजाडल्यावर नुसता गोंगाट, असं ह्यांचं म्हणणं.

कान गेल्यावर मी म्हटलं, नेम मोडायचा नाही. मी ऐकते, तसाच आवाज काढून दाखवते, तुम्ही नाव सांगा. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आहे. मोर, बेडूक, मांजर, सगळं तोंडानं काढलंय. मला कसली लाज? तर मी “चक् चक् चक् चक्” करायची, हे म्हणायचे, “रातवा.” मी “चिर्र चिर्र चिर्र” करायची, हे म्हणायचे, “पिंगळा.” मी एकदा विचारलं, अहो, घरात माझं ऐकू येत नाही अन् इथं कसं येतं? तर म्हणाले, “इथं शांत असतं गं. इथं येतो तुझा आवाज.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, कान गेले तर गेले, ह्यांचं जंगल तर नाही गेलं. दोन वर्षं अशी मजेत गेली.

मग ह्या माघात माझ्या पायात काटा गेला. बाभळीचा, चपलेतून आरपार. मी मटकन खाली बसले अन् म्हणाले, “अहो, थांबा! काटा गेला पायात.”

पुढून आवाज आला, “रातवा.”

मला आधी हसूच आलं. मग मी घसा फोडून ओरडले, “अहो, काटा! काटा!”

“व्हय, हा पण रातवाच,” हे म्हणाले अन् चालू पडले.

मोठ्यानं बोललं की काहीतरी आवाज झाला, एवढंच ह्यांना कळतं. काय बोललं, ते नाही. हे मला तिथंच खाली बसून, पाय धरून, अंधारात कळलं. बऱ्याच वेळानं हे मागं आले. “आशा! आशा!” अशा हाका मारत, हातानं झुडपं चाचपडत. मी ओरडतेय, “इथं आहे, इथं आहे!” अन् हे माझ्यापासून दहा पावलांवर उभे राहून दुसऱ्याच दिशेला हाका मारतायत. आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नाही. काट्याचा पाय तसाच टेकवत गेले अन् ह्यांचा हात धरला.

भावजींच्या स्वयंपाकघरात, बल्बखाली, माझी जाऊ लीलाबाई सुईनं काटा काढत होती, तेव्हा ह्यांनी कबूल केलं. मान खाली घालून म्हणाले, “पाचला रातवा असतो. सव्वापाचला पिंगळा. साडेपाचला कोतवाल सुरू होतो. मी घड्याळाचे रेडियमचे काटे बघून सांगत होतो.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, “मी दोन वर्षं खुळ्यासारखी चकचक अन् चिवचिव करतेय अन् तुम्ही मनगटावर बघताय? नाही कळलं तर परत विचारायला काय तोंड शिवलं होतं का?”

“तू धा वेळा केलं असतंस. तरी मला काय कळलं नसतं. मग तू नाराज झाली असतीस.” अन् पुढं म्हणाले, “आता बास झालं जंगल. तू मागं पडलीस, तुला काही झालं, तर मला कळणार नाय. मला नाय जमायचं ते.”

आता बघा, हा माणूस सोमवार ते शनिवार काय करतो? टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघतो. चौकात मित्र जमतात तिथं जात नाही, चार जण एकदम बोलतात, कुणाच्या ओठांकडं बघणार? लग्नकार्यात कोपऱ्यात खुर्ची धरतो अन् सगळ्यांना हसून मान हलवतो. एक रविवारची पहाट होती, तिथं हे पुढं असायचे अन् मी मागं. ती पण गेली तर हा माणूस घरातल्या घरात मिटून जाईल, अन् मला शेजारी बसून ते बघावं लागेल. मला ते बघायचं नव्हतं. सरळ सांगते, माझा जीव आहे त्या माणसावर.

म्हटलं, उजेड नाही एवढंच ना? मग उजेड आणू. पुढच्या शनिवारी सांडूभावजींकडून त्यांची पाणी द्यायची बॅटरी मागून घेतली. वाटीएवढी काच, मागं विटेएवढा डबा. ती ह्यांच्या डोक्याला बांधली अन् निघालो. अगं बाई! हे माझ्याकडं वळले की माझे डोळे गच्च मिटायचे, तोंड वाकडं व्हायचं, अन् हात आपोआप चेहऱ्यापुढं जायचा. हात आडवा धरल्यावर ओठ कसले दिसणार? हे म्हणायचे, “हात काढ.” मी हात काढायची, की डोळ्यांत पाणी. बरं, पक्षीही गप्प झाले सगळे. पलीकडच्या शेतातून एकजण ओरडला, “कोण हाय रं तिकडं?” कुत्री भुंकायला लागली. डोंगरावर वरात आल्यासारखं झालं.

ह्यांनी स्वतःच बटण बंद केलं. अंधारात म्हणाले, “आशा, मी म्हणलो होतो ना. बास आता.” घरी आल्यावर त्यांनी कॅनव्हासचे बूट धुतले, वाळवले, पिशवीत घातले अन् माळ्यावर टाकले. तीन रविवार आम्ही पुंडलिकनगरात काढले. ह्यांनी एकदाही वेरूळचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी लाइट गेली. मी देवापुढं समई लावली होती, तिचाच काय तो उजेड. मी आपली सवयीनं म्हणाले, “मेणबत्ती कुठं ठेवली?” अन् दारातनं हे म्हणाले, “टीव्हीखालच्या कप्प्यात.”

मी जागीच थांबले. म्हटलं, “मी काय बोलले?”

“मेणबत्ती कुठंय म्हणालीस.”

एका वातीच्या उजेडात, खोलीच्या त्या टोकाहून! मी मुद्दाम हळूच म्हणाले, “तुमचं नाक लई मोठं आहे.” तर म्हणाले, “ते लग्नाआधी बघायचं होतं.” मला हसू आवरेना. ह्यांना उजेड लागत होता तो एवढासाच. आम्ही मूर्खासारखा डोंगरावर दिवस उगववायला निघालो होतो.

तर म्हणून मी फरहानच्या दुकानात.

सगळं ऐकून फरहाननं डोकं खाजवलं. म्हणाला, “मावशी, मग कोणती कमी अन् कोणती ज्यादा, ते दिवसा कसं कळणार?”

“शटर ओढ.”

“आँ?”

“शटर ओढ अन् दिवे बंद कर. एकेक बॅटरी डोक्याला बांध अन् माझ्याकडं बघ. मी आवाज न काढता बोलणार. काय बोलले ते तू ओळखायचं.”

“गिऱ्हाईक, मावशी...”

“मी कोण आहे? गिऱ्हाईकच ना?”

शटर गुडघ्यापर्यंत खाली आलं. पहिली लावली ती बघवेना, सरळ नाही म्हटलं. दुसरी म्हणे हाफवर पण चालते. पण एकदा दाबलं की फुल, दुसऱ्यांदा हाफ, तिसऱ्यांदा लुकलुक. म्हणजे हाफवर यायच्या आधी दर वेळी मला एकदा आंधळं व्हावं लागणार. “सगळ्यांची सिस्टिम तशीच असते,” फरहान म्हणाला. म्हटलं, मग ती सिस्टिम आम्हाला नको. तिसरी मंद होती, पण पांढरीफटक. तो म्हणाला, “मावशी, तुमचे नुसते दात दिसतात. ओठ कुठं संपले ते कळत नाही.” चौथी बरी होती, पण तिची मान हलत नव्हती, उजेड थेट डोळ्यांत. ह्यांची उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त. बॅटरी खाली झुकली पाहिजे, उजेड हनुवटीवर पडला पाहिजे. हे बोलता बोलता मलाच कळत गेलं.

एव्हाना फरहानला चेव चढला होता. स्टुलावर चढला, वरच्या फळीवरून एक मळकं खोकं काढलं अन् फुंकर मारली. आत बाटलीच्या बुचाएवढी बॅटरी, साधी इलॅस्टिकची पट्टी. एक पेन्सिल सेल. एकच बटण, एकच उजेड, पिवळट. मान खाली होणारी. “ये कोई नहीं लेता. गिऱ्हाईक म्हणतात, ह्यापेक्षा काडी पेटवलेली बरी.”

त्यानं ती बांधली, खाली झुकवली, माझ्याकडं बघितलं. माझे डोळे उघडेच राहिले. पहिल्यांदाच. मी आवाज न काढता म्हणाले, तुझ्या दुकानात धूळ लई आहे.

तो पुढं झुकला. “पुन्हा एकदा.”

मी पुन्हा म्हणाले.

“दुकानात... धूळ... क्या मावशी! फुकटमध्ये दुकानाला नावं ठेवता व्हय!”

आम्ही दोघं हसलो. मग म्हटलं, आता पक्षी बघू, अन् मी ओठ पुढं काढून चक् चक् चक् करायला लागले, बोटांनी ठेका दाखवत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक शटर जरा उचलून वाकून आत आलं. अंधारात फरहानच्या डोक्याला दिवा अन् समोर मी अशी. ते बिचारं “नंतर येतो” म्हणून वाकूनच परत गेलं.

चार जणांच्या चहाएवढी किंमत. मी घासाघीससुद्धा केली नाही, अन् मला ओळखणाऱ्यांना विचारा म्हणजे कळेल ही केवढी गोष्ट आहे. फरहाननं एक सेल जास्तीचा टाकला. म्हणाला, “काकांना जमलं का नाही, येऊन सांगा. खरंच सांगा.”

घरी येऊन मी स्वतः स्टुलावर चढले अन् माळ्यावरचे बूट काढून ह्यांच्यापुढं ठेवले. म्हटलं, “एकदा. फक्त एकदा. नाही जमलं तर मीसुद्धा परत नाव काढणार नाही.” ह्यांनी ती बुचाएवढी बॅटरी हातात फिरवून बघितली. म्हणाले, “ह्याच्यानं काय दिसणार?” पण शनिवारी बॅग भरली.

रविवारी पाचला आम्ही भावजींच्या शेतामागं होतो. बॅटरी ह्यांनी स्वतःच बांधली, मला हात लावू दिला नाही. वाटेपुरता उजेड पडत होता, दगड कळत होते, बोराटीचं झुडूप कळत होतं. त्यापुढं काही नाही. त्यापुढं आम्हाला काही बघायचंही नव्हतं. मी ह्या वेळी शेजारून चालत होते.

थोडं चाललो असू, तर ह्यांची मान हळूच मनगटाकडं वळली. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. “घड्याळ काढा.”

“अगं, सवयीनं...”

“काढा म्हणते ना. द्या इकडं.” ह्यांनी निमूटपणे काढून दिलं. मी ते कमरेच्या पिशवीत टाकलं.

मग रातवा बोलला. मी चक् चक् केलं, हे म्हणाले, “रातवा.” पण त्यात काय मोठं? तो पाचला असतोच. हे ओळखून म्हणाले का सवयीनं, ते मला कळेना, अन् विचारायचा धीर होईना. आम्ही तसेच पुढं गेलो. कड्याखाली आलो अन् वरून एक आवाज आला, जो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. जड, घुमणारा. एकदा आला, मग बराच वेळ काही नाही, मग परत आला.

मी ह्यांचा दंड धरला. हे वळले. उजेड माझ्या हनुवटीवर आला अन् तिथंच थांबला. मी डोळे मिटले नाहीत. ओठ गोल केले, “बूऽ...” मग जरा उघडले, “बोऽ.” हातानं दाखवलं, असा खालून येतो, असा लांबतो.

मनात म्हटलं, आता हा माणूस काहीतरी नाव ठोकून देणार. पिंगळा म्हणणार, कोतवाल म्हणणार, अन् मान हलवून पुढं चालू पडणार. तसं झालं तर मग संपलंच.

हे एक पाऊल पुढं आले. कपाळावर आठ्या घालून माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “नाय कळलं. पुन्हा सांग.”

दोन वर्षांत हे शब्द मी त्या वाटेवर ऐकले नव्हते. मी पुन्हा ओठ गोल केले, पण बू काही निघेना. ओठच थरथरायला लागले. ह्या वाटेवर मी आधीही रडले होते, बरं का. लेक सासरी गेली त्या वर्षी, अन् डॉक्टरांनी ह्यांचे कान आता परत येणार नाहीत म्हणून सांगितलं, त्यानंतरच्या रविवारी. हे पुढं चालत होते अन् ह्यांना पत्ता नव्हता. अंधारात बहिऱ्या माणसामागं रडणं लई सोपं असतं.

“रडायलीस का?” हे म्हणाले.

“नाही हो. डोळ्यात काहीतरी गेलं.”

“आशा, मला दिसायलंय.”

कड्यावर तो पक्षी पुन्हा बोलला. मी बोटानं वर दाखवलं, घाईघाईनं तोंड उघडलं, म्हटलं उडून जाईल, नाव राहून जाईल. ह्यांनी माझा हात खाली केला.

“राहू दे त्याला. तू आधी रडून घे,” हे म्हणाले. “तोंड वाकडं असलं की मला वाचता येत नाय.”

मी रडून घेतलं. मोठ्यानं, नाक ओढत, कसलीही लाज न धरता. हे समोर उभे राहिले, मान अजून थोडी खाली घालून, उजेड माझ्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मग मी पदरानं तोंड पुसलं, ओठ गोल केले, अन् त्यांना पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.